ध्वनियंत्रांची लाकडी बटणे : कातकामातील एक अभ्यासपाठ

रेडिओ, ध्वनिवर्धक किंवा ध्वनिमुद्रणाचे यंत्र यांच्या आतील रचना कितीही गुंतागुंतीची असली, तरी वापरणाऱ्याचा हात नेहमी पडतो तो दर्शनी पट्टीवरील फिरत्या बटणावर. आवाज कमीजास्त करणे, केंद्र लावणे, स्वराचा भारदस्तपणा वाढवणे ही सारी कामे या एका लहानशा वस्तूच्या मध्यस्थीने होतात. लिओ बेकलँड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली बेकेलाइट सिद्ध केले आणि पुढील काळात अशी बटणे साच्यांतून हजारोंच्या संख्येने निघू लागली. तरीही १९३० च्या दशकातील अनेक अमेरिकी रेडिओ संचांवर लेथवर कातलेली लाकडी बटणे होती. पेटी अक्रोडाच्या लाकडाने मढवलेली, तेव्हा बटणही तिला शोभेल असे लाकडाचेच असावे, अशी त्या काळची अभिरुची होती. पुढे प्लॅस्टिक व अॅल्युमिनियम यांनी लाकडाला मागे सारले.

आता लाकडी बटणाला पुन्हा थोडी मागणी आहे. घरी ध्वनिवर्धक बांधणारे हौशी लोक, जुने रेडिओ दुरुस्त करून जतन करणारे संग्राहक, गिटारवादक आणि मोजक्या संख्येने महाग यंत्रे तयार करणारे लहान कारखानदार हे त्याचे गिऱ्हाईक होत. ही मंडळी बटणे गठ्ठ्याने घेत नाहीत. चार किंवा पाच बटणांचा एक संच, दिलेल्या मापाचा आणि निवडलेल्या लाकडाचा, असे त्यांच्या मागणीचे स्वरूप असते. असे काम मोठ्या कारखान्याला परवडत नाही, पण एका लेथवर काम करणाऱ्या कारागिराला ते सहज जमू शकते.

महाराष्ट्रात कातकामाची परंपरा जुनी आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाखकामाची खेळणी व फळे सर्वपरिचित आहेत. मिरजेत शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची खुंटी ही ध्वनियंत्राच्या बटणाची थोरली बहीणच म्हणावी लागेल. दोन्ही कठीण लाकडाच्या, दोन्ही बोटांच्या चिमटीत धरून फिरवायच्या, आणि दोन्हींचा कस एकच : फिरवावे तितकेच फिरले पाहिजे आणि सोडावे तेथे थांबले पाहिजे. फरक इतकाच की, खुंटीत लाकूड लाकडावर घासून धरते. बटणात ते काम आतील धातूचा भाग करतो. हा फरक लहान दिसतो, परंतु खुंटी उत्तम करणाऱ्या कारागिराचे पहिले बटण बहुधा तेथेच फसते. म्हणून प्रथम धातूच्या भागाचा विचार करणे इष्ट ठरेल.

दांडी, बुश आणि स्क्रू

बटण ज्या दांडीवर बसते ती पोटेन्शिओमीटर नावाच्या सुट्या भागाची असते. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला व्हॉल्यूम कंट्रोल असेच म्हणतात. ही दांडी पूर्ण वर्तुळ फिरत नाही. साधारण ३०० अंश फिरून दोन्ही टोकांना अडते. दांडीची जाडी सर्वत्र सारखी नसते, आणि येथेच पहिली चूक घडते. पाव इंची दांडी ६.३५ मिलिमीटर भरते, तर मेट्रिक दांडी ६ मिलिमीटरची असते. पाव इंचाचे भोक पाडलेले बटण ६ मिलिमीटरच्या दांडीवर चढते खरे, पण बाजूचा स्क्रू आवळताच ते एका अंगाला सरकते आणि फिरताना कड डुलू लागते. काही दांड्या गुळगुळीत गोल, काहींची एक बाजू सपाट तासलेली, तर काही दातेरी व मधोमध चिरलेल्या असतात. गिऱ्हाइकाने 'नेहमीची दांडी' असे कळवले, तर काम हाती घेऊ नये. व्हर्निअर कॅलिपरने घेतलेले माप आणि दांडीची लांबी मागवावी.

दांडी थेट लाकडातल्या भोकात बसवणे सोपे वाटते, परंतु ते टिकत नाही. लाकडात पाडलेले आटे दोनचार वेळा स्क्रू आवळल्यावर ढिले पडतात. यासाठी लाकडात पितळेचा बुश बसवतात आणि आटे त्या बुशात पाडतात. बुश बाहेरून १० मिलिमीटरचा व आतून ६ मिलिमीटरचा असेल, तर त्याची भिंत २ मिलिमीटर उरते. तीन मिलिमीटरच्या मेट्रिक ग्रब स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने असतात. म्हणजे स्क्रूला चारच आटे धरायला मिळतात. बाहेरून १२ मिलिमीटरचा बुश घेतल्यास सहा आटे मिळतात. पितळ थोडे अधिक लागते, पण बटण परत येत नाही. तीन मिलिमीटरच्या आट्यांसाठी अडीच मिलिमीटरचे भोक पाडून मग टॅप चालवावा.

जुन्या व्हॉल्व्हच्या संचांबाबत येथे एक इशारा आवश्यक आहे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी संचांत लोखंडी सांगाडा थेट विजेच्या वायरीशी जोडलेला असे. संचाची पिन उलट बसली की सांगाड्यात, दांडीत आणि ग्रब स्क्रूत विद्युत्दाब उतरे. म्हणून त्या काळचे कारखाने स्क्रू बटणाच्या पृष्ठभागाखाली खोल बसवून वरची खाच मेणाने बुजवीत. नवे लाकडी बटण करतानाही स्क्रू लाकडाच्या आत किमान दोनतीन मिलिमीटर बुडाला पाहिजे. पुणे आकाशवाणी केंद्रावरून १९५६ साली पाच जिल्ह्यांतील गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला होता. त्या पिढीतील एखादा संच पंचायतीच्या किंवा शाळेच्या कपाटात अद्याप असेल आणि तो हौसेने चालू करावयाचा असेल, तर बटण नसलेल्या उघड्या दांडीला बोट लावण्यापूर्वी तो जाणकाराकडून तपासून घ्यावा.

विदेशी लाकूड कोणते?

परदेशी गिऱ्हाइकांच्या यादीत ठरावीक नावे आढळतात. मध्य अमेरिकेतील नारिंगी-तांबड्या रेषांचे कोकोबोलो. टांझानिया व मोझांबिकमधील आफ्रिकी काळे लाकूड, ज्यापासून क्लॅरिनेट व ओबो ही वाद्ये होतात. काँगो खोऱ्यातील काळपट तपकिरी वेंगे. दक्षिण अमेरिकेतील जांभळे पर्पलहार्ट. आणि आफ्रिकेतील लालभडक पडौक. या यादीत आणखी एक नाव मानाने असते, ते म्हणजे भारतीय रोझवूड. हे आपले शिसव होय. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसाला जे लाकूड दूरदेशीचे व दुर्मीळ वाटते, ते सह्याद्रीच्या पायथ्याशी जुन्या घरांच्या खांबांत, झोपाळ्यांत आणि देव्हाऱ्यांत आजही आहे. तेव्हा महाराष्ट्रातील कारागिराने आफ्रिकेतून लाकूड मागवण्यात फारसे हशील नाही.

शिसवीखेरीज येथील आणखी काही लाकडे या कामास उत्तम आहेत. टेंभुर्णीची पाने विडीसाठी जातात हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु जुन्या झाडाचा गाभा काळा, बारीक पोताचा आणि अबनूसाच्या कुळातला असतो, याची दखल क्वचितच घेतली जाते. चिंचेचा गाभा जांभळट तपकिरी रंगाचा व अतिशय कठीण असतो. झाड मोठे असूनही गाभा मात्र लहान निघतो, त्यामुळे सुतार त्याला फारसे विचारत नाहीत. दीड इंची बटणाला तो पुरेसा होतो. खानदेश व विदर्भातील अंजनाचे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड असून पटाशीची धार लवकर घालवते. बाभूळ व खैर हीही चालतात. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी परंपरेने वापरला जाणारा पांगारा मात्र या कामास अगदी निरुपयोगी आहे. तो हलका व मऊ असल्याने लाखेखाली शोभतो, पण बुश धरून ठेवत नाही.

सुकवण

लाकडी बटणे खराब होण्याची कारणे पाहू गेल्यास बहुतेक वेळा दोष ओल्या लाकडाचा निघतो. लाकूड भोवतालच्या हवेतून ओलावा घेते आणि परत देते. पृष्ठभागावर पॉलिश असले तरी हा व्यवहार मंदावतो, थांबत नाही. कोकणात पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या लाकडात वजनाच्या सुमारे १८ टक्के ओलावा राहू शकतो. तेच लाकूड विदर्भातील मे महिन्यात किंवा वातानुकूलित खोलीत नेले, तर तो सहा टक्क्यांच्या आसपास येतो. एवढ्या फरकाने लाकूड आकसते. मात्र सर्व दिशांना सारखे आकसत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. वाढीच्या वलयांना लंब दिशेत काहीसे आकसते आणि वलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट.

याचा बटणावर काय परिणाम होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत एखादे लाकूड वलयांना लंब दिशेत तीन टक्के आणि वलयांच्या कडेने सहा टक्के आकसते, असे धरू. ओलावा १८ वरून ६ टक्क्यांवर आल्यास यातील साधारण चाळीस टक्के आकसणे घडते. बटणाचा व्यास ४० मिलिमीटर असेल आणि तंतू दांडीच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे जाणारे असतील, तर एक व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर कमी होईल आणि दुसरा सुमारे एक मिलिमीटर. बटण अर्ध्या मिलिमीटरने लंबगोल झाले. वहीचे पाच कागद एकत्र धरल्यास जेवढी जाडी होते तेवढा हा फरक. डोळ्यांना तो कदाचित दिसणार नाही, फिरवणाऱ्या बोटांना मात्र तत्काळ जाणवतो. तंतू आडवे, म्हणजे बटणाच्या दर्शनी चेहऱ्याला समांतर ठेवले, तर एक व्यास तसाच राहतो आणि दुसरा एक मिलिमीटरपर्यंत कमी होऊ शकतो; दोष दुपटीने वाढतो. आडव्या तंतूंचे बटण दिसायला अधिक देखणे असते, कारण लाकडाच्या रेषा समोर येतात. गिऱ्हाइक छायाचित्र पाहून तेच मागते. लाकूड पूर्ण सुकलेले असल्याची खात्री असेल तरच ते द्यावे.

ओलावा मोजण्यासाठी महागडे उपकरण असलेच पाहिजे असे नाही. त्याच लाकडाचा एक लहान तुकडा वजन करून १०३ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा. कमी झालेल्या वजनास कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की ओलाव्याची टक्केवारी मिळते. ५६ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅमवर आला, तर ओलावा १२ टक्के होता. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग सहज होऊ शकतो. बाभूळ, साग आणि चिंच यांचे तुकडे पावसाळ्यात व उन्हाळ्यात तोलून विद्यार्थ्यांकडून आलेख काढून घेतल्यास टक्केवारीचा धडा पाठ करावा लागणार नाही.

कारागिरासाठी आणखी सोपी रीत आहे. फळी सुकण्यास इंचभर जाडीला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे. बटणासाठी मोठा ओंडका तसाच ठेवण्याऐवजी लाकडाचे ४५ मिलिमीटर चौरस व २५ मिलिमीटर जाडीचे ठोकळे आधीच कापून घ्यावेत. तंतूंची टोके जिकडे उघडी पडतात त्या बाजूंना मेण लावावे, नाही तर त्या बाजू आधी सुकून चिरतात. ठोकळे सावलीत, हवा खेळेल असे रचून दर आठवड्याला त्यांतील खुणेचे दोनतीन तोलावेत. वजन लागोपाठ तीनचार आठवडे बदलले नाही, की लाकूड त्या जागेच्या हवेशी समतोल झाले. मग ते कातून थोडे जाड ठेवावे, पुन्हा दोनतीन आठवडे विसावा द्यावा आणि शेवटचा हात फिरवावा. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला हा विसावा पटत नाही. तो पटवून देणे हा धंद्याचाच भाग समजावा.

आधी भोक, मग आकार

सावंतवाडीच्या खेळण्यात आकार हेच सर्वस्व असते. आत भोक असेल, तर ते थोडे बाजूला गेले तरी चालते. बटणात कामाचा क्रम उलटा ठेवावा लागतो. बाहेरचा गोल आधी सुबक कातून मग मध्यभागी भोक पाडू गेल्यास ते कितीही काळजी घेतली तरी तंतोतंत मध्यावर येत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरची चूकही फिरताना दुप्पट दिसते.

म्हणून ठोकळा लेथच्या चकमध्ये धरून प्रथम मागचा चेहरा सपाट करावा आणि टेलस्टॉकमध्ये धरलेल्या ड्रिलने बुशसाठी भोक घ्यावे. ठोकळा फिरतो, ड्रिल स्थिर असते. त्यामुळे भोक आपोआप फिरण्याच्या अक्षावर येते. शिसव व कोकोबोलो यांसारख्या तेलकट लाकडात ड्रिल लवकर तापून धूर निघतो, तेव्हा ते वारंवार बाहेर काढून भुसा झटकावा. भोक पुढच्या चेहऱ्यापर्यंत आरपार जाऊ नये, किमान पाच मिलिमीटर लाकूड राखावे. नंतर भोक स्पिरिटने पुसावे, कारण लाकडातील नैसर्गिक तेल गोंदाला धरू देत नाही. बुशच्या बाहेरच्या अंगावर करवतीच्या पात्याने चारदोन खाचा पाडून तो दोन भागांच्या एपॉक्सीने चिकटवावा आणि चोवीस तास हात लावू नये. दांडीच्या भोकात एपॉक्सी गेली तर सारे श्रम वाया जातात. त्यासाठी भोकात मेणाचा बोळा घालतात.

एपॉक्सी पक्की झाल्यावर बाजूने लाकडातून बुशपर्यंत स्क्रूचे भोक घेऊन आटे पाडावेत. यापुढे ठोकळा चकमध्ये थेट धरायचा नाही. सहा मिलिमीटरच्या सरळ पोलादी दांडीवर तो ग्रब स्क्रूने बसवावा आणि ती दांडी चकमध्ये धरून बाहेरचा आकार कातावा. बटण पुढे यंत्रावर ज्या दांडीभोवती फिरणार, तिच्याच जोडीदाराभोवती ते आता कातले जाते. त्यामुळे बुश किंचित तिरका बसला असला तरी बाहेरचा गोल दांडीशी एककेंद्रीच राहतो. पाव इंचाच्या दांडीसाठी पाव इंचाची वेगळी पोलादी दांडी ठेवावी. या एका युक्तीने ओबडधोबड लेथवरही उत्तम काम निघते. तिच्याविना महागड्या लेथवरचे कामही डुलते.

संचातील पाच बटणे एकसारखी असावी लागतात, आणि नजरेच्या अंदाजाने ती तशी होत नाहीत. पत्र्यावर आकाराचा अर्धा छेद कापून केलेला फर्मा प्रत्येक बटणाला लावून पाहावा. पाचही बटणे एकाच फळीतील लागोपाठच्या ठोकळ्यांतून घ्यावीत, म्हणजे रंग जुळतो. आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते : खुणेचा ठिपका. दांडीची एक बाजू सपाट असेल, तर त्या बाजूच्या संदर्भातच ठिपका पाडावा लागतो, अन्यथा आवाज पूर्ण बंद असताना ठिपका भलतीकडे पाहत राहतो. दोन मिलिमीटरची पितळी तार भोकात बसवून कानशीने सपाट केल्यास ठिपका कायमचा राहतो. रंगाचा ठिपका बोटांनी पुसला जातो.

पॉलिश आणि धूळ

बटणाला घाम, तेलकट बोटे आणि घर्षण सोसावे लागते. अळशीचे तेल शिसवीसारख्या तेलकट लाकडावर नीट वाळत नाही, चिकट राहते. अशा लाकडाला बारीक काचकागदाने क्रमाक्रमाने घासून फिरत्या लेथवर नुसते मेण घोटले तरी पुरते. चपडा लाखेचे फ्रेंच पॉलिश लवकर व सुंदर चढते. स्पिरिट लागल्यास मात्र ते उतरते. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे काळ्या कुड्याच्या खेळण्यांवर लाखेची कांडी फिरत्या कामावर दाबून रंग चढवतात व केवड्याच्या पानाने घोटून चकाकी आणतात. रंगीत बटणांसाठी हीच रीत वापरता येईल. परंतु ज्या लाकडाचे मोल त्याच्या रेषांत आहे, त्याच्यावर रंगाची लाख चढवणे म्हणजे पैठणीला अस्तराखाली घालण्यासारखे होय.

धुळीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. लाकडाची धूळ ही मानवात कर्करोग उत्पन्न करणारी असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे. त्यातही शिसवीच्या कुळातील लाकडे, विशेषतः कोकोबोलो, त्वचेला खाज व पुरळ आणण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. घासकामाच्या वेळी नाकातोंडावर योग्य मुखपट्टी, धूळ खेचून घेणारा पंखा आणि डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. लेथवर हातमोजे घालू नयेत. सैल बाह्या, ओढणी किंवा पदर फिरत्या कामात अडकून प्राणावर बेतते. घराच्या पडवीत लेथ असेल, तर मुलांच्या झोपण्याची जागा तेथून दूर असावी, हे पंचायत सदस्यांनी व आरोग्यसेवकांनी आवर्जून सांगण्यासारखे आहे.

लाकूड कोठून आले?

शिसव मुबलक राहिलेले नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याची गणना असुरक्षित जातींत केली आहे. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात शिसवीचे संपूर्ण कूळ २ जानेवारी २०१७ पासून घालण्यात आले. ब्राझीलचे शिसव तर १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याचा व्यापार जवळपास बंदच आहे. आफ्रिकी पडौकही २०२२ च्या पनामा परिषदेनंतर दुसऱ्या परिशिष्टात आले. परदेशी लाकूड 'कोणाकडून तरी' विकत घेणाऱ्या कारागिराला या तरतुदी अडचणीत आणू शकतात.

लहान वस्तूंना मात्र सवलत आहे. २०१९ च्या परिषदेत सुधारलेल्या टिपेनुसार, तयार वस्तूंतील संबंधित लाकडाचे वजन प्रत्येक पाठवणीत दहा किलोग्रॅमपर्यंत असेल, तर साइट्सचा परवाना लागत नाही. चाळीस मिलिमीटर व्यासाच्या व वीस मिलिमीटर उंचीच्या शिसवी बटणात सुमारे वीस ग्रॅम लाकूड असते. चारशे बटणांच्या पेटीत ते आठ किलोग्रॅम भरते, म्हणजे मर्यादेच्या आत राहते. अर्धवट कातलेले ठोकळे तयार वस्तू ठरत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. उत्तर भारतातील शिसम, ज्याला सिस्सू म्हणतात, त्याबाबत २०२२ साली आणखी स्पष्टीकरण झाले : दहा किलोग्रॅमची मर्यादा प्रत्येक वस्तूला स्वतंत्रपणे लागू होते आणि धातूचे वजन त्यात धरले जात नाही. या टिपा परिषदेगणिक बदलू शकतात, त्यामुळे माल पाठवण्यापूर्वी त्या वेळची तरतूद पाहणे आवश्यक आहे. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषद लाकडाच्या कायदेशीर उगमाविषयी 'वृक्ष' या नावाने प्रमाणपत्र देते. त्यासाठी लाकूड कोठून घेतले याची पावती दाखवावी लागते.

आणि पावतीपाशी सारे अडते. बांधावरचे झाड आपलेच, मग परवानगी कशाची, असा प्रश्न शेतकरी विचारतो. वृक्षतोडीच्या नियमनाचा १९६४ चा अधिनियम खाजगी जमिनीवरील अनुसूचित झाडांनाही लागू आहे आणि लाकूड हलवण्यासाठी अनेक जातींना वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. सात-बाराचा उतारा, तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना हे तीन कागद एकत्र असतील, तर त्या लाकडाचा शेवटचा तुकडाही विकता येतो. ते नसतील, तर तेच लाकूड जळणाच्या भावाने जाते. रक्तचंदन व चंदन यांना तर या कामासाठी हातच लावू नये.

बटणांसाठी झाड तोडण्याची गरज पडू नये, हेही तितकेच खरे आहे. एक घनफूट लाकडातून वर सांगितलेल्या मापाचे हिशेबाने साडेपाचशे ठोकळे निघतात. करवतीची तूट, गाठी व चिरा वगळता निम्मे तरी हाती लागावेत. सुतारशाळेत व फर्निचरच्या कारखान्यात एवढे लाकूड तुकड्यांच्या रूपाने सहज साठते. जुना वाडा मोडताना निघालेले खांब व तुळया तर अधिक मोलाच्या, कारण त्यांची सुकवण पिढ्यान्‌पिढ्या झालेली असते. तेथे खिळ्यांची तपासणी तेवढी करावी. असे लाकूड घेताना मालकाकडून सही व तारखेसह विक्रीची चिठ्ठी घ्यावी आणि मोडलेल्या घराची नोंद ग्रामपंचायतीत असल्यास तिचा उल्लेख चिठ्ठीत करावा.

किती अपेक्षा ठेवावी

लाकडी बटणाने आवाज अधिक गोड होतो, असा दावा काही परदेशी विक्रेत्यांनी केला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात एक लाकडी बटण जवळजवळ पाचशे डॉलरला विक्रीस ठेवले गेले होते. या दाव्याला आधार नाही. बटण विद्युत्प्रवाहाच्या मार्गात नसतेच, मग ते लाकडाचे असो वा सोन्याचे. स्पर्श मात्र बदलतो. वीस ग्रॅमचे लाकडी बटण हाताला उबदार व हलके लागते. त्याच मापाचे भरीव अॅल्युमिनियमचे सत्तर ग्रॅमच्या आसपास भरते आणि थंड लागते. येथील कारागिराने खोटा दावा न करता स्पर्श, रेषा व अचूक माप यांवरच किंमत मागावी.

ही बाजारपेठ अरुंद आहे. केवळ बटणांवर एखाद्या गावाचा उद्योग उभा राहील असे मानणे चुकीचे ठरेल. तंबोऱ्याच्या खुंट्या, कपाटांच्या मुठी, लाटणी, शिक्क्यांचे दांडे यांच्या जोडीला वर्षातून काही संच बटणांचे, असा मेळ बसू शकतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणारे यांचा समावेश आहे. कातारी तेथे स्वतंत्रपणे येत नसला, तरी तो ज्या कामावर पोट भरतो त्यानुसार यांपैकी एका व्यवसायाखाली अर्ज करू शकतो. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य त्यात आहे. ग्रामीण भागात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते, म्हणून अर्जदार प्रत्यक्ष कोणते काम करतो हे सरपंचांनी त्याच्या लेथपाशी जाऊन पाहावे. साहाय्यातून घ्यावयाच्या वस्तूंत व्हर्निअर कॅलिपर, तीन मिलिमीटरचा टॅप, सहा मिलिमीटर व पाव इंचाच्या पोलादी दांड्या आणि ग्रॅमपर्यंत तोलणारा लहान काटा यांचा विचार आधी व्हावा. नवा लेथ त्यानंतर घेतला तरी चालेल.